गाय, दावं आणि दुष्काळ

आमच्या फलटण, माण, खटाव भागात जुन्या महादेवाच्या देवळांभोवती जे उभे कोरीव दगड दिसतात, त्यांच्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. एखाद्याला शेंदूर फासलेला असतो, एखाद्यावर धुणे वाळत असते. हे वीरगळ. सर्वांत खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस, वर लढाई, त्याच्या वर त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. ज्या दगडावर खालच्या चौकटीत माणसाजवळ गाईंची रांग कोरलेली असते, तो दगड गाई वाचवताना मेलेल्याचा. त्या काळी गावावर धाड पडायची ती बहुतेक वेळा गुरांसाठी. धन म्हणजे गोधन, हे वाक्य आम्ही वर्गात समासाचे उदाहरण म्हणून शिकवायचो, पण त्याचा खरा अर्थ या दगडांपाशी कळतो.

सहलीला गेलो की मुले हटकून विचारायची, "गुरुजी, हा राजा होता का?" मी सांगायचो, राजाबिजा नाही, गावचा कुणीतरी राखणदार किंवा गुराखी असेल. बहुतेक वीरगळांवर अक्षरच नसते. नाव कळत नाही, गाव कळत नाही, फक्त गाई कळतात. हायडेलबर्गहून आलेले गुंथर सोन्थायमर या भागातल्या धनगर-गवळ्यांमध्ये वर्षानुवर्षे हिंडले आणि आपले कितीतरी देव मुळात गुरे राखणाऱ्यांचे देव आहेत असे त्यांनी दाखवून दिले. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाबद्दल तेच मांडले. विद्वानांच्या वादात मी पडत नाही. पण गाईसाठी मेलेल्या माणसाला ज्या प्रदेशाने दगडावर देवाच्या पंक्तीला बसवले, त्या प्रदेशात गाईवरची माया ही पोथीतून आलेली नाही एवढे म्हणायला हरकत नाही.

आता आमच्या गाईकडे येतो. खिलार या शब्दाचा अर्थच मुळी गुरांचा कळप. कळपाचे नाव जातीला मिळाले. पांढरीशुभ्र किंवा किंचित करडी, अंगाने बांधेसूद, कपाळ लांबट आणि शिंगे धनुष्यासारखी मागे वळून वर गेलेली. जाणकार तिचे चार प्रकार सांगतात : आटपाडी महाल, म्हसवड, तापी आणि नकली. (नकली म्हणजे खोटी नव्हे हो, संकरातून झालेली.) पहिले दोन आमच्या शेजारचे. आटपाडी महाल हा औंध संस्थानाचा मुलूख. पाऊस तुटपुंजा, माळ खडकाळ, गवत बोटभर. अशा मुलखात भारतातली एक देखणी गाय तयार झाली. मात्र तिला दूध विचारू नका. वासराचे भागून लिटर-दीड लिटर मिळाले तरी बाई खूश असायची. खिलार गाईचे काम दूध देणे नव्हतेच. तिने खोंड द्यायचे. तो खोंड घरातल्या पोराच्या बरोबरीने वाढायचा, आणि खरे सांगायचे तर पोराच्या वाट्याचे दूध पिऊन वाढायचा. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी बिनदुधाचा चहा प्यायला आहे आणि त्याच वेळी गोठ्यात खोंडाला दूध पाजलेले पाहिले आहे. कुणाला त्यात वावगे वाटत नसे, कारण त्या खोंडाची जोड पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत उभी राहिली की घरातले लग्न व्हायचे, सावकार गप्प व्हायचा.

म्हणजे माया होती आणि बाजारही होता. शहरातल्या आपल्या मंडळींना हे दोन्ही एकत्र पचत नाही. यात्रेत व्यापारी आणि हेडे उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव ठरवायचे, तोंडाने एक आकडा नाही. सौदा झाला की मालक जनावर द्यायचा, पण दावे द्यायचा नाही. ते सोडून घरी आणायचे आणि गोठ्यात खुंटीला अडकवायचे. घेणाऱ्याने आपले दावे आणायचे हा रिवाजच होता. लक्ष्मी घरातून जाऊ नये म्हणून, असे म्हातारी माणसे सांगत. निरोपाला बाई येऊन गाईच्या पायावर पाणी घालायची, कपाळाला कुंकू लावायची आणि घरात जायची ती परत बाहेर यायची नाही. जात्यावरच्या ओव्यांमध्ये भावाच्या खालोखाल बैलांची कौतुके सापडतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या चाळून पाहा म्हणजे कळेल.

गाईचा विषय निघाला की एक माणूस मला नेहमी आठवतो, आणि तोही आमच्याच भागातल्या घराण्याचा. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण, पुसेगावच्या जवळ. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक त्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केले. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळाला तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती. त्या दुष्काळात दख्खनच्या पठारावर माणसे मेली तशी गुरेही मेली आणि पाऊस आल्यावर पेरायला बैल नव्हते. जोतीरावांनी दोन गोष्टींवर बोट ठेवले. एक म्हणजे जंगल खात्याने गावोगावची गायराने घशात घातली आणि शेतकऱ्याच्या जनावराला चरायला जागा उरली नाही. दुसरे म्हणजे गोऱ्या लोकांच्या खाण्यासाठी गाई-बैल कापले जातात, त्यामुळे शेतीची जनावरे आणि खत दोन्ही घटते, तेव्हा सरकारने त्यांना शेळ्या-मेंढ्यांवर भागवायला सांगावे. ब्राह्मणी धर्मावर सडकून टीका करणारा माणूस गाय वाचवा म्हणतो तेव्हा काही जणांना गोंधळायला होते. मला त्यात काही विसंगत दिसत नाही. कुळवाड्याच्या गोठ्यातून पाहिले की गाय अशीच दिसते. तिचे शेण, तिचा बैल, तिचे गवत. गायराने गेली हे दुःख तर आजही तसेच आहे, फक्त घेणारे बदलले.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गाईवरून आपल्याकडे बराच शब्दांचा धुरळा उडाला. वाईचे चौंडे महाराज गोरक्षणासाठी गावोगाव फिरत होते. १९२४च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच वेळी झालेल्या गोरक्षा परिषदेचे अध्यक्षपद गांधीजींनी घेतले. त्यांचे म्हणणे पुष्कळांना झोंबणारे होते. दुसऱ्याच्या अंगावर धावून जाण्याआधी आपण आपल्या गाईला काय खाऊ घालतो ते पाहा, दुग्धशाळा नीट चालवा, मेलेल्या जनावराचे कातडेही वाया घालवू नका, असा तो सगळा रोख होता. तिकडे रत्नागिरीला स्थानबद्धतेत असलेले सावरकर विज्ञाननिष्ठ निबंध लिहीत होते. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन करावे, पूजन करू नये, असे त्यांनी १९३०च्या दशकात स्वच्छ लिहून टाकले. त्यांचे असे कितीतरी लेख 'किर्लोस्कर' मासिकात येत, आणि ते मासिक निघे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून, म्हणजे पुन्हा त्याच औंध संस्थानातून!

किर्लोस्करवाडीचा आणि गाईचा संबंध याहून जवळचा आहे. १९१० साली माळावर वसलेल्या त्या कारखान्यातून लोखंडी नांगर निघाला. काळ्या रानात हरळी उपटून काढायची तर तो नांगर ओढायला दोन बैल पुरत नसत, तीन-तीन चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. बैलाला मागणी वाढली म्हणजे खोंड देणाऱ्या गाईलाही मान वाढला. मग त्याच घराण्याच्या कारखान्यांतून पंप आले, ऑइल इंजिने आली. विहिरीवरची मोट थांबली. मोटेचे बैल रिकामे झाले. पुढे ट्रॅक्टर आला. खिलार गाय कुणी मारली नाही, तिचे काम एकेक करून काढून घेतले गेले. मोटेवरची गाणी शेवटची कधी ऐकली ते आठवून पाहा, आपल्या घरातल्या साठीच्या पुढच्या मंडळींनाच आठवतील.

फलटण तालुक्यात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. भाटघरचे धरण १९२७ साली पुरे झाले, पुढे नीरेचा उजवा कालवा आला आणि तालुक्याचे दोन भाग झाले. कालव्याखाली ऊस, साखरवाडीचा कारखाना, वाढ्यांची चंगळ. कालव्याच्या वर, डोंगराच्या अंगाला, तेच आभाळाकडे बघणे. वरच्या माणसाचे पाहुणे खाली असले तर दुष्काळात त्याची गाय जगायची. दुष्काळ पडला की माणची गुरे फलटण-माळशिरसच्या कालव्याकडे यायची. पोरीचे स्थळ बघताना खालच्या गावाला पसंती मिळायची, त्यात हाही हिशोब असायचा. (माझ्या एका आत्याचे लग्न याच हिशोबाने झाले असे आमच्या घरात चेष्टेने म्हणत. आत्या ते ऐकून हसायची, पण नाही म्हणायची नाही.)

१९७२ची गोष्ट सांगायलाच हवी. त्या वर्षीच्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. इंदिराबाईंच्या काँग्रेसचे चिन्ह तेव्हा गाय-वासरू होते, त्यामुळे गावोगावच्या भिंतींवर गेरूने आणि निळीने गाय-वासरू रंगवलेले. पाऊस काही आला नाही. भिंतीवरची गाय तशीच तकतकीत आणि खाली गोठ्यातल्या गाईच्या बरगड्या मोजून घ्याव्यात! लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, लाल मिलो खाल्ला. माणसांना खायला बाहेरून आणता आले, कडबा कुठून आणायचा? मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. आमच्या घरी एक गाय होती, म्हातारी, दोन वर्षे गाभण न राहिलेली. वडिलांनी तिला पावसाळ्याच्या शेवटी बाजारात नेली. आई त्या दिवशी जेवली नाही आणि त्यानंतर गाईचे नाव घरात निघाले नाही. "बाजाराला गेली" एवढेच सांगायचे. बाजाराच्या पुढे ती कुठे गेली हे विचारायचे नाही, असा एक न बोललेला करार प्रत्येक शेतकरी घरात असतो. दावे मात्र खुंटीवर होते. पुढे कितीतरी वर्षे होते.

हा करार शहरातल्या गोभक्तांना माहीत नसतो. माहीत असला तर त्यांना तो ढोंग वाटतो. मला तो ढोंग वाटत नाही. एका पेंढीवर दोन तोंडे आहेत, एक गाभण आहे आणि एक म्हातारी. पेंढी कुणापुढे टाकायची हे ज्याला रोज ठरवावे लागले, त्याच्या मायेची परीक्षा घेणारे आपण कोण?

त्याच सुमारास उरुळी कांचनला मणिभाई देसाई नावाचा गांधीजींचा एक शिष्य वेगळ्याच खटपटीत होता. १९४६ साली गांधीजींबरोबर तो निसर्गोपचारासाठी तिथे आला आणि त्यांच्या सांगण्यावरून तिथेच राहिला. गीर गाई पाळल्या, त्यांचे दूध वाढवून दाखवले आणि १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. गोठवलेले रेत थेट शेतकऱ्याच्या दारात न्यायचे आणि गावठी गाईला जर्सी-होल्स्टीनची कालवड करून द्यायची. लिटर-दीड लिटरच्या गाईच्या पोटी आठ-दहा लिटरची गाय! ज्या काळी गाईत विलायती रक्त मिसळणे म्हणजे अधर्म, असे म्हणणारे पुष्कळ होते, त्या काळी एका गांधीवाद्याने हे केले. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या निंबकरांनी फलटणमध्ये मेंढ्या-शेळ्यांवर जे केले तेही याच जातीचे काम. असो, विषयांतर नको.

जर्सीने काय केले? पहिले म्हणजे पैसा बाईच्या हाताजवळ आला. खिलार खोंडाचा पैसा यात्रेत पुरुषाच्या कनवटीला जायचा आणि तोही वर्षा-दोन वर्षांनी एकदा. दुधाचा हिशोब दर दहा-पंधरा दिवसांनी होतो आणि धार काढते, शेण भरते, वैरण कापते ती बाई. मुलांच्या फिया यावर भरल्या गेल्या. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचे दहावीनंतरचे शिक्षण हे खऱ्या अर्थाने गाईच्या आचळातून आले आहे, हे मी पालकसभांत ऐकले आहे. दुसरे म्हणजे माया बदलली नाही. विलायती गाईला बायका काळी-पांढरी म्हणून थांबल्या नाहीत, तिला चंद्री, गौरी, हरणी हीच नावे दिली. वसुबारसेला तिचीच पूजा होते. गहू आणि दूध वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात, तेव्हा पुढे उभी असलेली गाय कुठल्या खंडातून आली आहे हे बाई विचारत नाही.

पण जर्सीचा गोऱ्हा? त्याचे कुणी नाव ठेवत नाही. त्याला खांदा नाही म्हणून औताला चालत नाही, उन्हात दम टाकतो. पूर्वी तो बाजाराला जायचा. १९७६च्या कायद्याने महाराष्ट्रात गाय कापायला बंदी होती, बैलांना परवान्याने मोकळीक होती. १९९५ साली विधिमंडळाने बैल-वळूंनाही बंदी लागू करणारे विधेयक केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली. त्यानंतर गोऱ्ह्याला आणि भाकड गाईला गिऱ्हाईक राहिले नाही. रात्री कुणीतरी हायवेला सोडून देतो. काही गोठ्यांत गोऱ्ह्याला चीकही पुरता मिळत नाही आणि तो आठवड्यात आपोआप मरतो. यावर कुणी बोलत नाही. आता कालवडीच जन्माव्यात अशा रेतमात्रा मिळू लागल्या आहेत, हा त्यातला एक उपाय. पण कायद्याने सांभाळायला सांगितलेल्या जनावराची वैरण कुणी घालायची, हा गांधीजींचा १९२४चा प्रश्न जागच्या जागी आहे.

माया बघायची असेल तर छावणीत बघावी. २०१२-१३च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत सगळीकडे चारा छावण्या पडल्या. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने मोठी छावणी चालवली, पुन्हा २०१९ साली चालवली. हजारो जनावरे, आणि त्यांच्याबरोबर माणसे. हे शासनाच्या कागदात नसते, कारण छावणी जनावरांची असते. कागदावर जनावराला दिवसाला इतके रुपये असतात. माणूस आपली भाकरी बांधून आणतो. घरातले एक माणूस, बहुतेकदा म्हातारा-म्हातारी नाहीतर सून, तट्ट्या आणि शेडनेटच्या सावलीत दाव्याशेजारी महिनोन्महिने झोपते. पोरे गावाकडे, स्वयंपाक अर्धा इकडे अर्धा तिकडे. उसाच्या वाढ्यांवर जनावर जगते, पण नुसती वाढी खाऊन त्याची हाडे पोखरतात, हे बायांना पशुवैद्याच्या आधी कळते. २०१९ साली मी छावणी बघायला गेलो होतो. एक बाई सांगत होती, "गुरुजी, घरी पाणी नाही म्हणून पोरगी माहेरी बाळंतपणाला आली नाही, तिला म्हटलं तिकडंच राहा. गाईला कसं सांगू?" तिच्या तीन गाईंत दोन जर्सी होत्या आणि एक खिलार. खिलार दूध देत नव्हती, खोंडही होणार नव्हता, वयच झाले होते. तरी ती आणली होती. का, असे मी विचारले नाही.

२०२२ साली लंपीचा रोग आला तेव्हा तीच माणसे रात्र-रात्र कडुनिंबाचा पाला उकळून गाठी शेकत बसली. गुरांचे बाजार बंद, शर्यती बंद. सरकारने लस फुकट दिली, मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार रुपये, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत दिली. शर्यतींचे म्हणाल तर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि २०२३ साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे खिलार खोंडाला परत लाखांत भाव आला आहे. खोंडाला भाव म्हणून गाईला भाव, पुन्हा तोच जुना हिशोब. पण गावातल्या एखाद-दुसऱ्या हौशी घराला तो परवडतो. २०१२च्या पशुगणनेत राज्यात गाय-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख जनावरे होती, २०१९च्या गणनेत सुमारे १ कोटी ४० लाख. सात वर्षांत पंधरा लाख दावी रिकामी झाली.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केले आणि गोशाळांतल्या देशी गाईला रोज ५० रुपये अनुदान ठरवले. चांगले आहे, खिलार टिकावी असे मलाही मनापासून वाटते. मात्र ते पैसे गोशाळेला आहेत. छावणीतल्या त्या बाईच्या दावणीला असलेली खिलार त्यात बसत नाही आणि तिच्या दोन जर्सी तर मुळीच नाहीत.

आमच्याकडे पोळा नसतो, आषाढात बेंदूर असतो. आदल्या दिवशी खांदेमळणी, बैलांच्या खांद्याला लोणी-हळद, दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पुरणपोळी, मिरवणूक. गल्लीत आता बैल दोन-चारच. बाकीचे लोक ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालतात. फलटणच्या गोविंद डेअरीने मुक्त गोठ्याचा प्रसार केल्यापासून कितीतरी गोठ्यांत गाई बांधतच नाहीत, त्या आपल्या मनाने चरतात, बसतात, पाणी पितात आणि दूधही बरे देतात. दावे लागत नाही. शिवाय होल्स्टीन कालवडींची शिंगे लहानपणीच जाळतात. गेल्या बेंदराला शेजारची सूनबाई हिंगुळाची वाटी घेऊन गोठ्यात उभी होती. शिंगेच नाहीत तर रंग कुठे लावायचा? मग तिने गाईच्या दोन्ही कानांच्या मध्ये, जिथे शिंगे यायची तिथे, दोन ठिपके दिले आणि पुरणपोळी चारली. तिसऱ्या गाईपर्यंत वाटीतला रंग संपला, म्हणून कुंकू आणायला घरात पळाली.